दहा फुटांची उंची

दुबईत मेट्रोने शेख झायेद रोडच्या कडेने जाताना जुमेरा लेक टॉवर्सच्या इमारती एकापाठोपाठ एक येऊ लागतात. बोलताना सगळे या वस्तीला जेएलटीच म्हणतात. ए ते झेड अशी अक्षरं दिलेले क्लस्टर, एकेकात साधारण तीन इमारती, मधोमध खोदून केलेली तळी, आणि तळ्यातल्या स्वतःच्या बेटावर उभा असलेला अल्मास टॉवर. अल्मास म्हणजे अरबीत हिरा. दुबईचा हिऱ्यांचा बाजार याच इमारतीत भरतो. उंची सुमारे 360 मीटर. खालून बघताना टोपी पडावी असं हे प्रकरण आहे, आणि बघणाऱ्याच्या मनात हटकून येतं की एवढ्या उंचावर काम करणाऱ्यांचं काळीज केवढं असेल.

मला मात्र दहा फुटांबद्दल लिहायचं आहे.

जेएलटीतले बहुतेक टॉवर उभे राहून आता बरीच वर्षं झाली. आज तिथे रोज चालतं ते आतलं काम. एक कंपनी ऑफिस रिकामं करते, दुसरी घेते. पार्टिशन मोडतात, जिप्समचं छत उतरवतात, एसीचे डक्ट हलतात, स्प्रिंकलरचे पाइप, दिवे, केबल सगळं नव्याने होतं. याला तिकडे फिट-आउट म्हणतात. या कामाला क्रेन लागत नाही आणि परांचीही क्वचितच बांधतात. लागते ती घडीची शिडी, आपल्याकडचे रंगारी जिला घोडा म्हणतात ती.

अशाच एका ऑफिसात मी कोणाची तरी वाट बघत बसलो होतो. जमिनीवर नव्या टाइल्स, त्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून वर पॉलिथीन पसरलेलं, त्यावर जिप्समची पांढरी भुकटी. एक पंचविशीचा मुलगा घोड्याच्या अगदी वरच्या पायरीवर उभा राहून छतात ड्रिल मारत होता. एक भोक झालं की खाली न उतरता, दोन्ही बाजूंना पाय टाकून, अंगाला झोका देत तो शिडीलाच दोन पावलं चालवायचा आणि पुढचं भोक पाडायचा. मुंबईत रंगारी हेच करतात, मी लहानपणापासून बघत आलोय. कमरेला सेफ्टी हार्नेस होता आणि त्याचा दोर मागे शेपटीसारखा लोंबत होता. ‘भाई, संभालके’ म्हटलं तर हसला. म्हणाला, ‘साब, इतनी सी तो हाइट है.’

इतनीशीच उंची. हिशोब करून पाहू. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. तेवढ्यावरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो, आणि टेकतो त्या क्षणी त्याचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या घरात असतो. पाऊण सेकंदात ‘अरे’ म्हणून होत नाही. उडी मारणारा गुडघे वाकवून, अंग सोडून उतरतो, म्हणून निभावतो. पडणाऱ्याचे पाय ताठ असतात. तीन मीटरमध्ये कमावलेला वेग वाकलेल्या गुडघ्यांनी अर्ध्या मीटरमध्ये जिरवला, तर शरीरावर सरासरी वजनाच्या सहापट जोर येतो. ताठ पायांनी तोच वेग पाच सेंटिमीटरमध्ये थांबला तर साठपट. बाकी सगळी कथा या सहा आणि साठमधल्या फरकाची आहे.

आणखी एक गोष्ट आपण मोजत नाही. उंची सांगताना पायाखालची सांगतो. सहा फुटांच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून बारा फुटांच्या आसपास असतं. तो मागे कोसळला तर डोकं पडतं ते बारा फुटांवरून.

दहीहंडीच्या थरांवर 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली, तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली होती. वीस फूट सर्वांना उंच वाटतात. दहा फूट कोणालाच वाटत नाहीत, आणि मुकादमालाही वाटत नाहीत. कोकणात आंबे उतरवायला झाडावर चढणारा गडी मात्र जाणतो. शेंड्यावरून पडलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, पण खालच्या बेचक्यातून घसरून जन्माचा लंगडा झालेला माणूसही गावात एखादा असतोच.

शिडीवरून माणूस कसा पडला, यावर काय मोडणार हे बरंचसं ठरतं. पायांवर आदळला की टाच आणि कणा. मागे कोसळला की डोकं आणि पाठ. घोडा बाजूला कलंडला की खांदा, बरगड्या, खुबा. भिंतीला टेकवलेल्या शिडीचे पाय सरकले तर माणूस शिडीसकट, तोंड शिडीकडे असतानाच खाली येतो. मग हनुवटी, दात, नडग्या आणि दांड्यांखाली सापडलेली बोटं. चांगला डॉक्टर म्हणून आधी विचारतो, ‘पडलास कसा?’ आणि मग ‘दुखतंय कुठे?’

यातली टाच मी पहिली घेतो, कारण तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं.

टाचेचं हाड दिसायला दणकट, पण त्याची ठेवण अंड्यासारखी असते. बाहेर पातळ कवच, आत स्पंजासारखी जाळी. त्याच्या डोक्यावर घोट्याचं कठीण हाड बसलेलं असतं. माणूस ताठ पायांनी आदळला की हे वरचं हाड पाचरीसारखं खालच्या जाळीत घुसतं आणि टाच चेपते, फाकते, बसकी होते. व्हिएन्नामध्ये लोरेन्झ ब्योलर नावाच्या शल्यचिकित्सकाने 1925 मध्ये खास कामावरच्या अपघातांसाठी रुग्णालय सुरू केलं. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर टाचेच्या हाडाचा एक कोन मोजायची पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते. निरोगी पायात हा कोन साधारण 20 ते 40 अंश भरतो. टाच चेपली की तो कमी होतो, कधी शून्याच्याही खाली जातो. त्या काळी अमेरिकेतले डॉक्टरही लिहीत, की टाच मोडलेला कामगार कामगार म्हणून संपलाच. आज शस्त्रक्रिया आहेत, प्लेटा आणि स्क्रू आहेत. तरी दोन-तीन महिने पाय टेकवायचा नसतो, आणि पहिल्यासारखी टाच थोड्यांनाच परत मिळते.

का मिळत नाही? घोट्याखालच्या ज्या सांध्याने पाऊल डावी-उजवीकडे कलतं, तो सांधा टाचेच्या हाडाच्या माथ्यावरच असतो. तोच बिघडतो. ऑफिसातल्या सपाट फरशीवर अशा माणसाचं फारसं अडत नाही. पण जमीन उंचसखल झाली की पाऊल तिच्याशी जुळवून घेत नाही, आणि प्रत्येक पावलाला कळ येते. मंडणगड किंवा संगमेश्वरच्या एखाद्या वाडीत परतलेल्या माणसाला पाखाडीच्या पायऱ्या चढायच्या असतात, कातळावरून जायचं असतं, शेताच्या बांधावरून चालायचं असतं. डॉक्टरी कागदावर त्याच्या अपंगत्वाचे टक्के थोडे दिसतील. वाडीत ते पुष्कळ असतात.

टाचेतून वर गेलेला धक्का तिथे थांबत नाही. तो नडगीतून, मांडीतून, कमरेतून कण्यात शिरतो. टाच मोडलेल्या साधारण दहापैकी एकाचा कमरेच्या भागातला मणकाही मोडलेला असतो, हे ऑर्थोपेडिकच्या विद्यार्थ्याला पाठ करायला लावतात. साइटवर मात्र टाच सुजलेली दिसते आणि पाठ दिसत नाही. दुखण्याचं लक्ष एका जागी गेलं की दुसरी जागा गप्प बसते.

मणका मोडतो तो बहुधा एका ठरलेल्या पट्ट्यात, छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका जिथे भेटतात तिथे. वरचा कणा बरगड्यांच्या पिंजऱ्यात आवळलेला, खालचा मोकळा. ताठ आणि लवचिक यांच्या सांध्यावर ताण साचतो; वेळूच्या काठीला अर्ध्यापर्यंत दोर गुंडाळून वाकवा, ती दोर संपतो तिथेच मोडेल. मणका पुढून नुसता चेपला तर पट्टा, विश्रांती आणि काही महिने यांत भागतं. तो चहूबाजूंनी फुटून तुकडा मागे सरकला तर प्रकरण गंभीर, कारण मज्जारज्जू याच उंचीच्या आसपास संपतो आणि तिथून पाय, मूत्राशय, गुदद्वार यांच्या नसा निघतात. पडल्यावर माणूस पाय हलवतोय, पण लघवीला होत नाही किंवा बैठकीची जागा बधिर वाटते असं म्हणाला, तर ही खूण तासांच्या हिशोबात ओळखावी लागते.

म्हणूनच ‘उठ रे, काही झालं नाही’ म्हणत दोघांनी दोन बगला धरून उभं करणं हा आपल्या मदतीचा सगळ्यांत वाईट प्रकार आहे. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण मोडलेल्या मणक्याचा तुकडा त्या एका झटक्यात सरकू शकतो. आहे तसं पडू द्यावं, डोकं-मान-पाठ एका रेषेत राहील असं बघावं, पाणी पाजू नये, आणि रुग्णवाहिका बोलवावी.

मनगटाची गोष्ट साधी वाटते. पडताना हात पुढे जातो, तळवा टेकतो, आणि मनगटाच्या अलीकडे हाड मोडून हात काट्याच्या चमच्यासारखा दिसू लागतो. डब्लिनच्या अब्राहम कॉलिसने हे 1814 मध्ये लिहून ठेवलं, एक्स-रेचा शोध लागायला अजून ऐंशी वर्षं असताना. हात एवढा वाकडा दिसतो की कोणी दुर्लक्ष करत नाही. फसवतं ते दुसरं हाड. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी जो खळगा पडतो, त्याच्या तळाला नावेच्या आकाराचं एक छोटं हाड आहे. ते मोडलं तर हात सरळच दिसतो, सूज थोडीच येते, आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत चीर कित्येकदा दिसतही नाही. कॅम्पवर क्रेप बँडेज बांधून, मुरगळलंय म्हणून माणूस चौथ्या दिवशी कामाला जातो. या हाडाला रक्ताचा पुरवठा मुळात तोकडा, त्यामुळे वेळेत प्लास्टर झालं नाही तर ते जुळत नाही, आणि दोन-चार वर्षांनी पाना फिरवताना, ड्रिल धरताना मनगट दगा देऊ लागतं. त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी प्लास्टर घालून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा किंवा स्कॅन करावा, असा डॉक्टरांचा रिवाज आहे. रुग्णाने तो मागून घ्यायला हरकत नाही.

डोक्याबद्दल लोकांना भीती असते आणि ती योग्यच आहे, पण ती चुकीच्या वेळी संपते. माणूस बेशुद्ध झाला, शुद्धीवर आला, चहा प्यायला, बोलायला लागला की सगळे निर्धास्त होतात. कानशिलाच्या हाडाखालून एक रोहिणी जाते. ते हाड पातळ आहे. त्याला तडा गेला की रोहिणी फाटते आणि कवटी व मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. साठायला वेळ लागतो, कधी तास, कधी अधिक. तोवर माणूस ठीक असतो. मग डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, झोप अनावर होते, एक बाहुली मोठी दिसते. ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून त्याला खोलीत एकट्याला सोडलं तर सकाळी फार उशीर झालेला असतो. हेल्मेट होतं ना, असं कोणी म्हणेल. साइटचं हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी घडवलेलं असतं. हनुवटीचा पट्टा बांधलेला नसेल तर माणूस पडायच्या आधी ते पडतं.

बरगड्या, खुबा, खांदा यांच्याबद्दल थोडक्यात एवढंच, की कुशीवर पडल्यावर श्वास घेताना टोचत असेल आणि धाप लागत असेल तर फुप्फुसाला इजा झाली नाही ना, हे बघून घ्यावं.

आता त्या मुलाच्या हार्नेसकडे येतो. आखातातल्या साइटवर हार्नेसचा फार आग्रह असतो, आणि उंचावर तो जीव वाचवतोही. पण धक्का शोषणाऱ्या दोराने माणूस पडला तर दोराची लांबी, शोषकाचं उलगडणं आणि माणसाची स्वतःची उंची मिळून खाली पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. तीन मीटरच्या छताखाली दोर ताणायच्या आधीच जमीन येते. घोड्यावर हार्नेस घालून उभा असलेला माणूस तपासणीसाला बरा दिसतो, इतकाच त्याचा उपयोग. मला विचाराल तर हे कागदोपत्री सुरक्षेचं अगदी नमुनेदार उदाहरण आहे.

शिडीचं शास्त्र खरं तर शाळेतल्या भौतिकशास्त्राएवढंच आहे. भिंतीला टेकवलेली शिडी भिंतीला ढकलते, भिंत तिला उलट ढकलते, आणि हा आडवा रेटा शेवटी शिडीच्या पायांना जमिनीशी असलेल्या घर्षणाने पेलायचा असतो. शिडी 75 अंशांत उभी असेल आणि माणूस टोकाला असेल, तर हा रेटा त्याच्या वजनाच्या पावपट किंवा किंचित जास्त. शिडी 60 अंशांपर्यंत आडवी झाली की निम्म्याहून जास्त. चार फूट वर तर एक फूट बाहेर, हा जगभरचा नियम इथून आला. आणि माणूस जसा वर जातो तसा रेटा वाढतो. म्हणून माणूस खालच्या पायरीवर असताना शिडी सरकत नाही. तो वर पोचला, दोन्ही हात कामात गुंतले, की सरकते. पॉलिथीन आणि भुकटीवर तर ती सरकण्यासाठीच ठेवल्यासारखी असते.

घोड्याची गत वेगळी. तो पुढे-मागे भक्कम, बाजूला कच्चा. त्याच्यावरून आडवं ड्रिल मारणं किंवा कमरेचा पट्टा शिडीच्या कडेबाहेर जाईल इतकं झुकणं म्हणजे त्याला स्वतःच ढकलणं. खाली उतरताना शेवटची पायरी आली असं समजून हवेत पाय टाकणारेही पुष्कळ. ब्रिटनमध्ये सरकारी मार्गदर्शनच आहे की शिडीवर एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम नको. जास्त असेल तर कठडा असलेला छोटा फलाट आणा. असा फलाट जेएलटीच्या लिफ्टमधूनही वर जातो. तो आणत नाहीत याचं कारण भाडं, आणि घोडा दोन मिनिटांत उघडतो ही सवय.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. अमिरातीत दर वर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर, थेट उन्हात काम करायला बंदी असते. चांगला नियम आहे. पण तो उन्हापुरता आहे. एसी अजून सुरू न झालेल्या, काचेने बंद केलेल्या मजल्यावर छताला डोकं लावून काम करणाऱ्याला तो लागू होत नाही. गरम हवा वरच साठते आणि शिडीवरचा माणूस तिच्यात उभा असतो. घामाने निसटणारा हात आणि अंधारी येणारे डोळे यांची नोंद अपघाताच्या अहवालात सहसा ‘पाय घसरला’ अशी होते.

पडल्यानंतरचा भाग कागदांचा. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार, जो फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, कामावरच्या इजेचा उपचारखर्च मालकाने करायचा असतो. उपचार चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, पूर्ण पगार. नंतरचे सहा महिने अर्धा. मृत्यू झाल्यास 24 महिन्यांचा मूळ पगार, किमान 18,000 आणि कमाल 2,00,000 दिरहम. इथे ‘मूळ’ या शब्दावर बोट ठेवा, कारण करारात मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे दाखवलेले असतात. शिवाय लावलेल्या सुरक्षासूचना जाणूनबुजून मोडल्याचं सिद्ध झालं तर भरपाई हातची जाऊ शकते. वरच्या पायरीवर उभं राहायला कोणी सांगितलं होतं, हा प्रश्न मग फार महाग पडतो.

भारताच्या बाजूने दोन सोयी आहेत. दहावी न झालेल्या आणि म्हणून इमिग्रेशनची परवानगी लागणाऱ्या कामगारांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचे 275 रुपये किंवा तीन वर्षांचे 375 रुपये भरले की अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. कित्येक घरांना हे कागद कुठल्या पिशवीत आहेत तेच ठाऊक नसतं. दुसरी सोय दुबईतली. नोव्हेंबर 2010 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिथे भारतीय कामगारांसाठी मदत केंद्र सुरू झालं, जे पुढे प्रवासी भारतीय सहायता केंद्र झालं. काही काळ त्याचं कार्यालय याच जेएलटीत होतं.

कोणाचा मुलगा, भाऊ, दीर आखातात छताच्या, डक्टच्या, वायरिंगच्या कामावर असेल, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्याला विम्याच्या कागदाचा फोटो पाठवायला सांगा आणि दोन नंबर लिहून घ्यायला लावा: दुबईत रुग्णवाहिकेसाठी 998, आणि भारतीय मदत केंद्राचा मोफत क्रमांक 800 46342. ‘शिडीवरून पडलो, पण काही झालं नाही’ असं तो म्हणाला, तर टाच, पाठ आणि अंगठ्याजवळचा खळगा दाबून दुखतंय का, हे त्याला फोनवरच विचारा.